गांधीहत्येचे 'साक्षीदार': कोणावर विश्वास ठेवायचा, किती आणि का?

दर वर्षी ३० जानेवारी जवळ आला की गांधीहत्येबद्दलचं एखादं 'प्रत्यक्षदर्शीचं कथन' फोनवर येऊन पडतं. कोणी चौथी गोळी ऐकलेली असते, कोणाला खरा मारेकरी माहीत असतो. कटाची आधीच कुणकुण लागलेले आजोबाही कोणाच्या तरी घरात असतात. अशा कथनांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या खटल्याची कागदपत्रं भरपूर आहेत, निकालपत्र छापलेलं आहे, चौकशी आयोगाचा अहवाल उपलब्ध आहे. म्हणून साक्षीदार कसा पारखायचा हे शिकायला आपल्यासाठी याहून चांगलं प्रकरण नाही.

साक्षीदार नेमका कोणाला म्हणायचं?

आधी विचारा: हा माणूस कशाचा साक्षीदार आहे? गोळ्या झाडताना पाहणारा, कटाची बोलणी ऐकणारा, आरोपीला गाडीतून सोडणारा आणि 'मला अमक्याने सांगितलं' म्हणणारा, हे चौघे वेगवेगळे आहेत. नंदलाल मेहता ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजी राहत होते त्या बिर्ला हाउसच्या हिरवळीवर हजर होते. त्यांच्याच फिर्यादीवरून तुघलक रोड ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. गोळीबाराबद्दल त्यांचा शब्द मोलाचा, कटाबद्दल त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. उलट कटात सामील असलेला आणि पुढे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा दिगंबर बडगे कटाच्या बैठकांबद्दल सांगू शकत होता, पण ३० जानेवारीला तो दिल्लीत नव्हताच. २० जानेवारीचा हत्येचा बेत फसल्यावर तो पुण्याला परतला होता. त्याच्या नावावर ३० जानेवारीचं 'आँखो देखा हाल' कोणी खपवत असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

एखादा दावा समोर आला की सर्वांत आधी काय तपासावं?

तारीख. घटनेची नव्हे, हे बोलणं पहिल्यांदा कुठे आणि केव्हा नोंदलं गेलं त्याची.

माटुंग्याच्या रुइया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांचं उदाहरण घ्या. कटातला एक आरोपी मदनलाल पाहवा त्यांच्याकडे यायचा, त्यांची पुस्तकं विकायचा. जानेवारीच्या पूर्वार्धात त्याने गांधीजींवरच्या कटाबद्दल त्यांना सांगितलं. जैन यांनी ते आपले स्नेही अंगद सिंह यांच्या कानावर घातलं. २० जानेवारीला बिर्ला हाउसच्या आवारात स्फोट झाला आणि मदनलाल पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी जैन मुंबईत मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. हत्या व्हायला अजून नऊ दिवस होते. पुढे खटल्यात जैन यांची साक्ष झाली, अंगद सिंह यांची झाली आणि मोरारजींचीही झाली. म्हणजे 'मला आधी कळलं होतं' हे सांगणारा एक आणि 'हो, याने आम्हाला त्या वेळी सांगितलं होतं' म्हणणारे दोन. 'मग आणखी आधी का नाही सांगितलं?' हा प्रश्न जैन यांना उलटतपासणीत विचारला गेला. तो प्रश्न आजही बोचतो. पण उशीर केला म्हणून सांगितलेलं खोटं ठरत नाही.

आता दुसरं उदाहरण. नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे हे या खटल्यात शिक्षा झालेले दोघे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त कार्यक्रम झाला. अध्यक्षस्थानी ग. वि. केतकर होते, लोकमान्यांचे नातू आणि 'केसरी'चे माजी संपादक. नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता, असं ते तिथे बोलले. सोळा वर्षांनंतर, भरसभेत. मोठा गदारोळ झाला, केतकरांना अटक झाली आणि शेवटी चौकशी आयोग नेमावा लागला. कोणाला आधी माहीत होतं, त्यांनी सरकारला कळवलं का आणि सरकारने काय केलं, हे मुद्दे आधी गोपाळ स्वरूप पाठक आणि मग न्या. जीवनलाल कपूर यांच्याकडे सोपवले गेले. कपूर आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला.

केतकर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की हत्येआधी सांगितलेल्या गोष्टीचं वजन वेगळं आणि हत्येनंतर 'मला माहीत होतं' म्हणणाऱ्याचं वेगळं. दुसरं विधान तपासायला एक संपूर्ण आयोग लागला.

माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात होता. मग कोर्टाने बडगेवर विश्वास का ठेवला?

बडगे पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवायचा. दुकानात दिसायला चाकू-सुरे, आतून पिस्तुलं आणि स्फोटकं. ३१ जानेवारीला त्याला अटक झाली, पुढे माफी मिळाली आणि जुलै १९४८ मध्ये लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात त्याची साक्ष झाली. स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणारा साक्षीदार, हा आक्षेप अगदी रास्त आहे. कायद्यालाही तो ठाऊक होता. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ नुसार साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा देणं बेकायदेशीर नव्हतं. पण त्याच कायद्याच्या कलम ११४ मधलं उदाहरण सांगायचं की महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा असल्याशिवाय साथीदाराला विश्वासार्ह मानू नये. कोर्टं ही दोन्ही कलमं एकत्र वाचत: बंदी नाही, पण दुजोरा शोधा.

न्यायाधीश आत्माचरण यांनी तेच केलं. बडगे सरळ बोलला, उलटतपासणीत प्रश्न टाळत बसला नाही, हे त्यांनी नोंदवलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बडगे म्हणाला, हत्यारांची पिशवी भुलेश्वरला दीक्षित महाराजांकडे ठेवली होती. दीक्षित महाराज साक्षीला आले. बडगे म्हणाला, १७ जानेवारीला मुंबईत टॅक्सीतून फिरलो, लोकांकडून पैसे गोळा केले. टॅक्सीचालक ऐतप्पा कोटियन साक्षीला आला. दिल्लीत नथुराम आणि त्याचा साथीदार नारायण आपटे मरीना हॉटेलात देशपांडे या खोट्या नावाने उतरल्याचं हॉटेलच्या नोंदवहीत होतं. तिथे धुवायला टाकलेल्या कपड्यांवर 'एन. व्ही. जी.' अशी आद्याक्षरं होती. ते कपडे तर २० जानेवारीच्या स्फोटानंतर, हत्येच्या आधीच पोलिसांच्या हाती लागले होते.

सरकार पक्षाने एकूण १४९ साक्षीदार तपासले. त्यातले बरेचसे अगदी साधे लोक होते: हॉटेलातले नोकर, टॅक्सीवाले, पैसे देणारे. कटाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि म्हणूनच त्यांचे शब्द कामाचे ठरले. त्यांना कोणाला वाचवायचं नव्हतं की अडकवायचं नव्हतं.

मग तीच साक्ष सावरकरांविरुद्ध पुरेशी का ठरली नाही?

संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत.

बडगेच्या साक्षीप्रमाणे १४ जानेवारीला नथुराम आणि आपटे शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात गेले, बडगे बाहेर थांबला. १७ जानेवारीला तो तळमजल्यावर बसला, ते दोघे वर गेले. पाच-दहा मिनिटांनी खाली आले. त्यांच्यामागोमाग सावरकर आले आणि 'यशस्वी होऊन या' असं म्हणाले, असं बडगेने सांगितलं.

याला बाहेरून काय दुजोरा होता? १४ तारखेला नटी शांता मोडक यांनी त्या दोघांना आपल्या गाडीतून शिवाजी पार्कपर्यंत सोडलं होतं, ते त्यांनी कोर्टात सांगितलं. १७ तारखेच्या फेरीबद्दल कोटियनने सांगितलं. म्हणजे ते तिथवर गेले, याला आधार मिळाला. तिथे काय बोलणं झालं, याला मिळाला नाही. सावरकर सदनात इतरही लोक राहत होते, कोणाला भेटायला गेले हे कशावरून ठरणार, असं बचाव पक्षाचं म्हणणं होतं. ते तीन शब्द फक्त बडगेने ऐकलेले. त्यांच्यावर एखाद्याला दोषी ठरवणं सुरक्षित नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले.

ही रीत नीट लक्षात घ्या, कारण सामान्य वाचक नेमका इथे घसरतो. आपण अख्खा माणूस खरा किंवा अख्खा खोटा ठरवून टाकतो. न्यायाधीशांनी विधानं सुटी करून तपासली. बडगेची जी विधानं बाहेरच्या माणसाने, वहीने किंवा वस्तूने धरून ठेवली ती घेतली, जी अधांतरी राहिली ती बाजूला ठेवली. 'बडगे खोटारडा ठरला' असं म्हणणारे चुकतात आणि 'बडगेने सगळं सांगितलंच होतं' म्हणणारेही.

आप्पा कासार आणि गजानन दामले यांच्या जबाबांचं काय?

हे दोघे सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव. मार्च १९४८ मध्ये मुंबई पोलिसांनी त्यांचे जबाब घेतले. नथुराम आणि आपटे यांच्या भेटींबद्दल त्यांत बरंच काही होतं. पण खटल्यात त्यांना साक्षीला उभं केलं गेलं नाही. कपूर आयोगाने ते जबाब पाहिले आणि सावरकर व त्यांच्या गटाने कट केला याखेरीज दुसरा निष्कर्ष उरत नाही, अशा आशयाची नोंद अहवालात केली. तोपर्यंत सावरकरांचं निधन होऊन गेलं होतं.

आपल्याकडे पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत कायद्यानेच मोठा फरक केला आहे. जबाबावर उलटतपासणी झालेली नसते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे जबाब वाचायलाच हवेत, त्यांचं वजन शून्य नाही. मात्र ज्यांना वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही त्या शब्दांना, दिवसेंदिवस उलटतपासणी सोसलेल्या शब्दांच्या पंगतीला बसवता येत नाही. कोणीही आयोगाचं ते वाक्य किंवा कोर्टाची ती सुटका यांपैकी एकच गोष्ट दाखवत असेल, तर दुसरी त्याने लपवली आहे असं समजा.

'हे राम' म्हणालेच नव्हते, असं गांधीजींच्या सचिवांनीच सांगितलं ना?

व्ही. कल्याणम गांधीजींचे स्वीय सचिव होते आणि त्या क्षणी अगदी मागे होते. २००६ मध्ये त्यांच्या नावावर बातमी पसरली की गांधीजी 'हे राम' म्हणाले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी स्वतः खुलासा केला: ते म्हणाले नाहीत असं मी कधी बोललो नाही, त्या गोंधळात मला ऐकू आलं नाही एवढंच मी सांगितलं होतं.

गांधीजींच्या नात्यातल्या आणि त्यांच्या सेवेत असलेल्या मनुबेन त्यांना खेटून चालत होत्या. नथुरामने त्यांना ढकललं तेव्हा त्यांच्या हातातली वही, माळ, थुंकदाणी खाली पडली. त्यांनी 'हे राम' ऐकल्याचं लिहून ठेवलं. नंदलाल मेहतांच्या फिर्यादीत 'राम राम' आहे. सरदार गुरबचनसिंग यांनीही कोर्टात रामनाम ऐकल्याचं सांगितलं. गोडसे बंधूंचं म्हणणं मात्र वेगळं होतं. मला मनुबेन आणि मेहता यांचं पारडं जड वाटतं: एक अगदी शेजारी, दुसऱ्याचा शब्द त्याच संध्याकाळी कागदावर. ज्याला ऐकू आलं नाही त्याच्या न ऐकण्याने ज्याला ऐकू आलं त्याचं ऐकणं पुसलं जात नाही. अक्षरं थोडी वेगळी असणं हे उलट बरं लक्षण आहे. पढवलेल्या साक्षीदारांची वाक्यं तंतोतंत जुळतात.

चौथी गोळी ऐकणारे लोक होते का?

त्या वेळच्या काही बातम्यांत चार गोळ्यांचा उल्लेख होता. त्यावरून मुंबईतल्या एका याचिकाकर्त्यांनी फेरतपासाची मागणी केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला तटस्थपणे मदत करणारा वकील, नेमलं. त्यांनी कागदपत्रं पाहून फेरतपासाची गरज नाही असं कळवलं आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली.

गोळ्यांचे आवाज मोजण्यात माणसं हमखास चुकतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ मध्ये डॅलस शहरात झालेल्या हत्येबाबत अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने डॅलसमधल्या १७८ जणांची विधानं तपासली. त्यातल्या १३२ जणांनी तीन गोळ्या सांगितल्या, बाकीच्यांचे आकडे वेगळे. आवाज कुठून आला यावर तर कसलीच एकवाक्यता नव्हती. बिर्ला हाउसमध्ये शेकडोंची गर्दी होती. तिथे कोणाला चार आवाज ऐकू आले यात नवल नाही. निर्णय वस्तूंवर होतो. जखमा तीन होत्या आणि घटनास्थळी मिळालेला दारूगोळा नथुरामकडून जप्त केलेल्या बेरेट्टा पिस्तुलाशी जुळतो, असं फिल्लौरच्या प्रयोगशाळेचे डॉ. गोयल यांनी सांगितलं. चौथ्या गोळीला आवाज आहे, पण ना जखम ना पुंगळी.

नथुरामला नक्की कोणी पकडलं? प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो.

१९४८ च्या वृत्तपत्रांत अमेरिकी वकिलातीतले तरुण अधिकारी हर्बर्ट रायनर यांचं नाव ठळक होतं. आपल्याकडे माळी रघू नायक यांचं नाव घेतलं जातं. हवाईदलाचे देवराज सिंग यांचंही घेतलं जातं. यातलं कोणीही खोटं असण्याची गरज नाही. काही सेकंदांत अनेक हात पडले आणि प्रत्येकाने स्वतःचाच हात पाहिला. अशा विसंगतीतून कट शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे.

खुद्द नथुरामच सांगतो की कट नव्हता. त्याच्याहून मोठा साक्षीदार कोण?

नथुरामने ८ नोव्हेंबर १९४८ ला कोर्टात लांबलचक निवेदन वाचलं आणि सगळी जबाबदारी एकट्यावर घेतली. फाशी अटळ आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला खोटं बोलण्याचं कारण काय, असं विचारलं जातं. कारण होतं, आणि ते अगदी मानवी होतं: सोबत्यांना वाचवायचं. त्याचा भाऊ आणि मित्र त्याच पिंजऱ्यात बसले होते. गोपाळ गोडसे यांनी खटल्यात आपण २० जानेवारीला दिल्लीत नव्हतोच असं सांगितलं आणि शिक्षा भोगून आल्यावर स्वतःचा सहभाग उघडपणे मांडला. एकाच माणसाची दोन विधानं. पहिल्या वेळी डोक्यावर शिक्षा होती, दुसऱ्या वेळी नव्हती. कोणतंही विधान वाचताना बोलणाऱ्याचं त्या दिवशी काय पणाला लागलं होतं, ते शेजारी लिहून ठेवा.

बारीकसारीक तपशील देणारा माणूस खरा असतो ना?

नाही. डॅलसमधल्या एका बाईंनी १९७० मध्ये पुढे येऊन सांगितलं की २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींच्या गाडीचं चित्रण आपण केलं आणि ती फिल्म सरकारी माणसांनी काढून घेतली. कॅमेऱ्याचं नावही त्यांनी दिलं: सुपर-८. कोडॅकने सुपर-८ फिल्म बाजारात आणली १९६५ मध्ये. तपशिलाचा उपयोग असतो, पण तो तपासता येतो म्हणून. गावाकडून आलेल्या कथनात गाडीचं नाव असेल, नोटेचा रंग असेल, रस्त्याचं नाव असेल, तर ते त्या वर्षी होतं का हे आधी पाहा.

म्हातारपणी मन मोकळं करणाऱ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं?

खोटं म्हणायची गरजच नाही. पॉल लँडिस केनेडींच्या सुरक्षा ताफ्यात होते. २०२३ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सांगितलं की गाडीच्या मागच्या आसनावर मिळालेली एक गोळी आपणच उचलून रुग्णालयात केनेडींच्या स्ट्रेचरवर ठेवली. हे खरं असेल तर तपासाचा मोठा भाग पुन्हा मांडावा लागेल. पण १९६३ मध्ये, घटनेनंतर साधारण आठवड्याभरात, त्यांनी दोन लेखी निवेदनं दिली होती आणि त्यांत ही गोळी नाही. माणूस प्रामाणिक, त्या जागी खरोखर हजर, आणि तरीही साठ वर्षांपूर्वीचा कागद त्याच्या आजच्या आठवणीला साथ देत नाही. अशा वेळी मी कागदाच्या बाजूने उभा राहतो. आठवण दर वेळी सांगताना नव्याने रचली जाते, आणि मधल्या काळात वाचलेलं, पाहिलेलं त्यात मिसळतं. माणसाला ते कळतही नाही.

साक्षीदाराला प्रश्न कोणी विचारले, याने फरक पडतो का?

फार पडतो. न्यू ऑर्लीन्समध्ये क्ले शॉ यांच्यावर केनेडींच्या हत्येच्या कटाचा खटला चालला. मुख्य साक्षीदार पेरी रूसो. त्यांच्या पहिल्या मुलाखतीच्या टिपणात कटाच्या बैठकीचा उल्लेख नव्हता. ती बैठक पुढे औषध टोचून आणि संमोहनाखाली घेतलेल्या जबाबांतून सविस्तर आली. १ मार्च १९६९ रोजी ज्यूरीने तासाभराच्या आत शॉ यांना निर्दोष ठरवलं. आज एखाद्या वृद्ध गृहस्थांची चित्रफीत पाहताना उत्तराआधीचा प्रश्न ऐका. 'तुम्ही तेव्हा कोणाला पाहिलंत?' आणि 'तुम्ही तो दुसरा माणूस पाहिलात ना?' या दोन प्रश्नांची उत्तरं सारखी येत नाहीत. प्रश्न कापून टाकलेला असेल तर ती चित्रफीत साक्ष म्हणून बाद.

आमच्या घरात १९४८ ची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला काही किंमत नाही का?

मोठी किंमत आहे. मारेकऱ्याचं नाव कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं-दुकानं जाळली गेली. अनेक कुटुंबं रातोरात गाव सोडून गेली आणि त्यांच्या आठवणी फार थोड्या लिहिल्या गेल्या. ज्या आजीने घर जळताना पाहिलं ती त्या आगीची पक्की साक्षीदार आहे. तिचं बोलणं नाव-गाव-वारासकट आजच टिपून घ्या. पण त्याच आठवणीत 'खरं तर नथुरामने मारलंच नाही' हे वाक्य पुढे कधीतरी येऊन चिकटलेलं असू शकतं. आजीने ते पाहिलेलं नाही. दोन गोष्टी वेगळ्या ओळींवर लिहा. असं केल्याने तिच्या दुःखाचा अपमान होत नाही, उलट तिने खरोखर सोसलेलं शाबूत राहतं.

घरात त्या काळातलं एखादं पत्र किंवा डायरी सापडली तर काय करावं?

पाकीट फेकू नका. पत्रातला मजकूर कोणीही नंतर लिहू शकतो, पण टपालाचा शिक्का तारीख आणि गाव दोन्ही सांगतो. हत्येआधीच्या शिक्क्याचं पत्र असेल तर त्याचं मोल खूपच वाढतं. डायरी असेल तर हवं ते एकच पान न काढता आधीची आणि नंतरची पानंही तशीच ठेवा, शाई आणि हस्ताक्षर सलग आहे का ते त्यावरून कळतं. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. ते कागद घरात कोणाकडून कोणाकडे आले ते आजच्या तारखेने लिहून सोबत ठेवा. फोटो पाठवायचा तर पाठपोट दोन्ही बाजूंचा पाठवा आणि मूळ कागद एखाद्या अभिलेखागाराला किंवा इतिहास संशोधन संस्थेला दाखवल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष पसरवू नका.